पाना विझला म्हणजे ऑइल बदलले असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दोन प्रकार हमखास पाहायला मिळतात. पहिला म्हणजे ऑइल बदलले जाते, पण मीटरवरचा सर्व्हिसची आठवण देणारा पान्याचा दिवा तसाच जळत राहतो. गिऱ्हाइकाने विचारले तर ‘राहू द्या साहेब, त्याने काही होत नाही’ असे उत्तर मिळते. दुसरा प्रकार याच्या उलटा आणि जास्त वाईट: दिवा तेवढा विझवून मिळतो, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल जुनेच. दिवा विझवणे आणि ऑइल बदलणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, एक केल्याने दुसरे आपोआप होत नाही, हे गाडीमालकाला कुणी सांगितलेलेच नसते. म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे, पण अर्धवट माहितीनेच हा घोळ वाढला आहे, तेव्हा जागा द्यावी ही विनंती.

आधी दिवे ओळखू. पाना, किंवा ‘सर्व्हिस’ अशी अक्षरे, किंवा पान्याशेजारी किलोमीटरचा आकडा दिसत असेल तर ती निव्वळ आठवण आहे. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा दिवा वेगळा; तो इंजिनाच्या कंट्रोल युनिटने नोंदवलेल्या बिघाडाचा, त्याला स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. काही गाड्यांत तेलाच्या झारीचे पिवळे चित्र येते, ते ऑइलची पातळी कमी झाल्याचे. आणि तीच झारी लाल रंगात, नळीच्या टोकाला थेंब घेऊन उजळली, तर तो ऑइलच्या दाबाचा दिवा.

या लाल दिव्याची आणि पान्याची गल्लत महागात पडते, म्हणून त्यावर थोडे अधिक. लाल दिवा रिसेट होत नाही, करायचाही नसतो. इंजिनावर एक छोटा प्रेशर स्विच असतो. ऑइलचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की तो दिवा पेटवतो. चावी ऑनवर घेतली की हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर एक-दोन सेकंदांत विझला पाहिजे. ऑनवर लागतच नसेल तर स्विच, वायर किंवा दिव्यातच दोष आहे, म्हणजे दाब गेला तरी तुम्हाला कळणार नाही. चालत्या गाडीत तो लागला, तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचे. मोहोळच्या पुढे लाल दिवा लागला आणि ‘बाळ्यापर्यंत जाऊ, तिथं गॅरेज आहे’ असे म्हटले, तर बाळे येईपर्यंत क्रँकचे बेअरिंग शिल्लक राहण्याची खात्री नाही. बिनदाबाचे इंजिन मिनिटांच्या हिशेबात जाते. खेड्याकडच्या खडीच्या रस्त्यावर चेंबरला दगड लागून ऑइल गळणे हे आपल्या भागातले याचे नेहमीचे कारण. बंद करून पाच मिनिटे थांबा, इंजिनातली ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढून बघा. ऑइल पट्टीला लागतच नसेल तर गाडी ओढून न्या. पातळी बरोबर असूनही दिवा जळतो, तर स्विच खराब आहे की पंप, हे प्रेशर गेज लावूनच ठरते. ‘स्विच बदलून टाका’ हा अंदाज खरा निघालाच तर नशीब म्हणायचे.

आता पाना. बहुतेक गाड्यांत ऑइल खरोखर खराब झाले का, हे तपासणारे काहीही नसते. मीटरमध्ये दोन मोजण्या चालू असतात, एक किलोमीटरची आणि एक दिवसांची. बहुतेक कंपन्यांचे अंतर १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पुरे होईल ते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. आकडा भरला की पाना. कॅलेंडरवर दूधवाल्याच्या नावाने रोज खूण करतात ना, तितकेच याचे ज्ञान. दुधात पाणी किती होते हे खुणेला कळत नाही. काही गाड्यांतली पद्धत जरा हुशार आहे. ज्या होंडा गाड्यांत ऑइलचे उरलेले आयुष्य टक्क्यांत दिसते, तिथे इंजिनाचे फेरे, तापमान, फेरी लांब की छोटी, असा हिशेब करून टक्के उतरवले जातात. १५ टक्क्यांवर पहिली सूचना, ५ टक्क्यांवर ‘आता बदला’. पण तिथेही तो हिशेबच आहे. डबा कुठल्या ग्रेडचा ओतला, चार लिटर ओतले की अडीच, यातले तिला काहीच ठाऊक नसते. रिसेट दाबले की ती मुकाट्याने १०० टक्के दाखवते.

यावरून सोलापूरकरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. किलोमीटरची मोजणी आपल्या वापराला पुरत नाही. पुणे हायवेवर ताशी ६५ ची सरासरी धरली तर १०,००० किलोमीटरला इंजिन सुमारे १५४ तास चालते. तीच गाडी सात रस्ता, भैय्या चौक, नवी पेठ, पार्क चौक अशी एसी लावून ताशी २० च्या सरासरीने फिरवली, तर तेवढ्याच किलोमीटरला ५०० तास. मीटरच्या लेखी दोन्ही सारखेच. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तकात शेवटाकडे ‘कठीण वापर’ नावाचे वेगळे कोष्टक असते, ते सहसा कुणी उघडत नाही. ह्युंदाईच्या पुस्तकात त्यात आठ किलोमीटरपेक्षा छोट्या फेऱ्या वारंवार, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभे राहणे, धुळीचे व कच्चे रस्ते, आणि ३२ अंशांवरच्या हवेत दाट रहदारीतून गाडी चालवणे, एवढे सगळे येते. आपल्याकडे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दुपारी ३२ च्या वरच असते आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडते. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे धूळ खात जाणारी गाडीही याच कोष्टकात बसते. अशा वापराला ऑइल साधारण निम्म्या अंतराने, म्हणजे ५,००० किलोमीटर किंवा सहा महिन्यांनी बदलायचे. पाना लागायची वाट पाहिली तर शहरात फिरणाऱ्याला उशीर झालेला असतो.

ह्युंदाईच्या ज्या गाड्यांत मीटरच्या मधोमध पडदा आहे, त्यांत ही मोजणी मालकाला स्वतः बदलता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. गाडी उभी असताना चावी ऑनवर घ्या, स्टिअरिंगवरच्या बटणाने युजर सेटिंग्जमध्ये जा, सर्व्हिस इंटरव्हल उघडा. तिथे किलोमीटर आणि महिने आपल्या वापराप्रमाणे ठरवता येतात. ऑइल बदलल्यावर त्याच ठिकाणी ओके बटण एका सेकंदापेक्षा जास्त वेळ दाबून धरले की मोजणी पुन्हा पूर्ण आकड्यापासून सुरू होते. १,५०० किलोमीटर किंवा ३० दिवस उरले की ती आधी कळवते. मुदत उलटली की दर वेळी चावी ऑन करताना काही सेकंद ‘सर्व्हिस रिक्वायर्ड’ दाखवते. इतकी सोपी सोय असताना ‘यासाठी कंपनीतच जावं लागतं’ असे सांगणाऱ्यांचे कौतुक वाटते.

असा मोठा पडदा नसलेल्या, मीटरवर एकच दांडी किंवा बटण असलेल्या गाड्यांची पद्धत मुळात एकसारखी आहे, फरक बारकाव्यांत. चावी बंद, ट्रिपचे बटण दाबून धरायचे, ते न सोडता चावी ऑनवर न्यायची, सेल्फ मारायचा नाही, मग पुढचा बारकावा गाडीगणिक वेगळा. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत बटण धरून ठेवले की पडद्यावर आडव्या रेघा येतात, एकेक करत नाहीशा होतात आणि शेवटी शून्ये दिसतात. शून्ये येईपर्यंत बोट उचलले तर सगळे पहिल्यापासून. इथे फसायची खरी जागा आधीच येऊन जाते. चावी बंद करण्यापूर्वी पडद्यावर काय दिसत होते, यावर सगळे अवलंबून असते. काही मॉडेलना एकूण किलोमीटर दिसत असावे लागतात, काहींना ट्रिप ए. चुकीचे निवडले तर तुम्ही दहा वेळा बटण दाबा, पाना ढिम्म हलणार नाही. ‘बटण खराब आहे’ म्हणून मीटर खोलायच्या आधी एवढे तपासावे.

फोक्सवॅगनच्या जुन्या पोलो-व्हेंटोत बटणे दोन. चावी बंद ठेवून ट्रिपचे ०.० लिहिलेले बटण दाबून धरा, चावी ऑन करा, बटण सोडा आणि वीस सेकंदांच्या आत घड्याळाचे मिनिटाचे बटण एकदा दाबा. या वीस सेकंदांत ‘आता काय’ म्हणून फोन उघडला की वेळ संपते. ज्या होंडांत टक्के दिसतात त्यांत चावी ऑनवर असताना सिलेक्ट-रिसेटच्या दांडीने टक्क्यांपर्यंत यायचे, दांडी दहा सेकंदांहून जास्त दाबायची, आकडा लुकलुकू लागला की सोडायची आणि पुन्हा पाच सेकंद दाबून धरायची. दुसऱ्यांदा दाबणे विसरले की काहीच बदलत नाही. रेनोच्या गाड्यांत पडद्यावर सर्व्हिसचे अंतर आणून बटण साधारण दहा सेकंद, आकडा स्थिर होईपर्यंत धरावे लागते.

फोर्डची तऱ्हा सगळ्यांहून निराळी. कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून इकोस्पोर्टवाले आपल्या ओळखीच्या गॅरेजातच येतात, आणि तिथल्या पोरांना ही युक्ती माहीत नसते. चावी ऑनवर, इंजिन बंद. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही पेडल एकाच वेळी तळापर्यंत दाबून ठेवा. काही सेकंदांत पडद्यावर ऑइल रिसेट चालू असल्याचा मजकूर येतो, सुमारे पंचवीस सेकंदांनी पूर्ण झाल्याचा. तोवर पाय हलवायचा नाही. बटणस्टार्ट गाडी असेल तर क्रम सांभाळा: आधी कुठल्याही पेडलवर पाय न ठेवता बटणाने गाडी ऑनवर आणा आणि मगच पेडल दाबा. ब्रेकवर किंवा क्लचवर पाय ठेवून बटण दाबले तर इंजिनच सुरू होईल, आणि दुसरा पाय ॲक्सिलरेटरवर असला तर ते डरकाळी फोडूनच. गॅरेजात समोर माणूस उभा असतो, हे विसरू नये. कुठल्याही बटणस्टार्ट गाडीला हाच नियम. बऱ्याच गाड्यांत पहिल्या दाबण्याला ॲक्सेसरी आणि दुसऱ्याला ऑन येते.

जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हाबद्दल वेगळे सांगायला हवे. तिच्या मीटरवर ‘टी-बेल्ट’ असा दिवा असतो, तो टायमिंग बेल्टचा. ऑइलशी त्याचा काही संबंध नाही आणि त्याची रिसेटही निराळी. पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांचे किलोमीटर भराभर चढतात. अशा गाडीचा हा दिवा बेल्ट न बदलता विझवणे म्हणजे पुढच्या मालकाला खड्ड्यात घालणे. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड खोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. असा दिवा विझवून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला गॅरेजवाल्याने सरळ नाही म्हणावे.

रिसेट करताना होणाऱ्या आणखी काही चुका. मोबाइलवर दुसऱ्या देशातल्या त्याच नावाच्या गाडीची चित्रफीत पाहून तसेच करणे ही सर्वांत मोठी. नाव तेच असले तरी मीटर वेगळे असते. भारतातल्या मॉडेलची पद्धत गाडीसोबतच्या पुस्तकात असते आणि ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आलेले नसते. दुसरी चूक, चावी ऑनवर ठेवून अर्धा तास प्रयोग करणे. हेडलाइट, ब्लोअर, टेप सगळे चालू असते आणि जुनी बॅटरी मान टाकते. तिसरी, पाना नसताना मध्येच ‘असू दे, करून टाकू’ म्हणून रिसेट मारणे. मग मोजणी त्या दिवसापासून सुरू होते आणि पुढचे ऑइल तितके किलोमीटर उशिरा सुचवले जाते.

बॅटरी काढण्याचा उपाय तर कुणी करूच नये. बॅटरीची वायर काढली की पाना जाईल, असे कट्ट्यावर सांगितले जाते. बहुतेक गाड्यांत मोजणी मीटरच्या कायम स्मृतीत असते, त्यामुळे ती जात नाही. उलट ह्युंदाईच्या पुस्तकातच लिहिले आहे की बॅटरीची वायर काढली, बॅटरी पूर्ण उतरली किंवा फ्यूज स्विच बंद केला तर उरलेले किलोमीटर आणि दिवस चुकीचे दिसू शकतात. काही गाड्यांत काचांचे ऑटो बंद होणेही पुन्हा शिकवावे लागते. म्हणून बॅटरी बदलल्यावर सर्व्हिसचा आकडा एकदा बघून घ्यावा आणि जुन्या बिलाशी ताडावा.

आता बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, डिझेल गाड्या. एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच जादा डिझेल फवारून तापमान वाढवते आणि काजळी जाळते. त्यासाठी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. जुळे सोलापुरातून निघून आसरा चौकापर्यंत जाऊन बंद केलेल्या गाडीत हे काम अर्ध्यावर तुटते, असे वारंवार झाले की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरते. पट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते आणि ‘गाडी ऑइलच खात नाही’ म्हणून मालक खूश असतो. ते ऑइल पातळ झालेले असते. पट्टीला डिझेलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर किलोमीटर किती झाले ते न बघता बदलावे.

या गाड्यांपैकी काहींत ऑइलच्या झिजेचा हिशेब मीटरमध्ये नसून इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये असतो. तो बटणाने शून्य होत नाही, योग्य स्कॅनर लागतो. चार-पाचशे रुपयांचे ब्लूटूथ उपकरण बिघाडाचे सर्वसाधारण कोड वाचते आणि पुसते, सर्व्हिस रिसेट त्याच्या आवाक्यात नसते. हे केले नाही तर नव्या ऑइलवर गाडी जुन्याच हिशेबाने चालते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सूचना येते. तेव्हा अशी गाडी बाहेरच्या गॅरेजात द्यायची असेल तर ‘तुमच्या स्कॅनरला या मॉडेलचे ऑइल रिसेट आहे का’ हा प्रश्न आधी विचारावा, ऑइल उपसल्यावर नव्हे. अशा गाड्यांना ऑइलही कमी राखेचे, पुस्तकात दिलेल्या मानकाचेच लागते. दुसरे घातले तर त्याची राख फिल्टरमध्ये साठते, आणि काजळीसारखी ती जळून जात नाही.

गॅरेजात क्रम कसा असावा? इंजिन थोडे गरम असताना, सपाट जागेवर चेंबर नट काढून दहा-पंधरा मिनिटे निथळू द्यायचे. नटाचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर नवा घालायचा. दहा-वीस रुपयांच्या वायसरसाठी नंतर जमिनीवर डाग पडतात. नट आवळायला पान्याला पाइप लावू नये, ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. जुना फिल्टर काढला की त्याचे रबर त्याच्याबरोबर आले का, हे बोट फिरवून बघावे. ते इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर बसला, तर दोन रबरांमधून दाबाने ऑइल उडते आणि इंजिन काही मिनिटांत कोरडे पडते. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावून हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग साधारण पाऊण फेरा. डबा सीलबंद, गिऱ्हाइकासमोर फोडलेला. छोट्या पेट्रोल गाडीला तीन ते साडेतीन लिटर, मोठ्या डिझेलला सहा-सात लिटर लागते. आकडा पुस्तकातला घ्यावा. ‘अख्खा डबा ओता, उरवून काय करायचंय’ हे चालणार नाही. जास्त झालेले ऑइल क्रँक घुसळते, त्याचा फेस होतो आणि फेसाने दाब धरत नाही. इंजिन सुरू करून लाल दिवा विझल्याची खात्री करावी, खाली गळती बघावी, बंद करून पाच मिनिटांनी पट्टी बघावी. पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर छोट्या गाड्यांत साधारण पाऊण ते एक लिटरचे असते, म्हणजे अर्धा लिटर कमी पडले तरी पट्टीवर ते ठळक दिसते. रिसेट यानंतर, सगळ्यांत शेवटी, आणि मालकाच्या डोळ्यांदेखत. गाडी आत घेतानाच पाना विझवून ठेवणारे गॅरेज असेल तर पुढचे काम झाले की नाही, हे तपासायला पट्टीवाचून दुसरे काही उरत नाही.

मालकाने स्वतः पट्टी बघण्यात काही अवघड नाही. काढा, कापडाने पुसा, पूर्ण आत घालून पुन्हा काढा. पेट्रोल गाडीत नवे ऑइल मधासारखे पिवळसर दिसते आणि पहिले काही दिवस तसेच राहते. सर्व्हिसिंगहून आलेल्या पेट्रोल गाडीची पट्टी काळी कुळकुळीत असेल तर विचारायला हवे. डिझेलमध्ये मात्र नवे ऑइल पहिल्याच फेरीत काळे पडते, तिथे रंगावरून कुणावर आळ घेऊ नये.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. पाना विझलेला आहे, ‘पुढची सर्व्हिस ९,८०० किलोमीटरनंतर’ असे पडद्यावर दिसते, याला पुरावा म्हणून शून्य किंमत. दहा सेकंद बटण दाबले की हा आकडा येतो. ऑइल भरायचे झाकण उघडून आतून बघा. डांबरासारखा काळा थर असेल तर ऑइल वर्षानुवर्षे वेळेवर बदललेले नाही. आणि बिले मागा. किलोमीटर चढत्या क्रमाने लिहिलेली चार बिले पडद्यावरच्या कुठल्याही आकड्याहून जास्त बोलतात.

बिलाचाच मुद्दा शेवटी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण ‘सर्व्हिसिंग, अमुक रुपये’ एवढ्या एका ओळीच्या बिलाचा गाडीला उपयोग नाही. शहरातल्या गॅरेजवाल्यांनी बिलावर तारीख, मीटरवरचे किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि मानक, किती लिटर घातले, फिल्टर बदलला का, आणि सर्व्हिसची आठवण रिसेट केली का, एवढे लिहावे. गाडी वॉरंटीत असेल तर हा कागद मालकाच्याच कामी येतो. अनेक छोट्या गाड्यांना पाना नसतोच, त्यांना तर या नोंदीवाचून दुसरा आधारच नाही. गॅरेजमालकांच्या संघटनांनी असा एक छापील नमुना ठरवला तर छपाईचा खर्चही किरकोळ येईल. पुढच्या ऑइलचा स्टिकर मात्र समोरच्या काचेवर लावू नये, सोलापूरच्या उन्हात दोन महिन्यांत अक्षरे उडतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, आतल्या बाजूने, पक्क्या शाईच्या मार्करने किलोमीटर आणि तारीख दोन्ही लिहून लावावा.

आपला,
एक वाचक (वाहन दुरुस्ती व्यवसाय)
जुळे सोलापूर